सॉफ्टबॉलचा फेसमास्क: घेतला, पण बसवला का?

मागच्या हंगामात आमच्या थर्ड बेसवरच्या मुलीला चेंडू लागला, तेव्हा मास्क तिच्या कपाळावर होता. दोन पिचच्या मधे घाम पुसायला तिने तो वर सरकवला आणि खाली ओढायचा राहिला. बंट (बॅट नुसती आडवी धरून जवळच पाडलेला चेंडू) येणार म्हणून ती चार पावलं पुढे आलेली. बॅटरने बंट दाखवला आणि ऐनवेळी सपाट मारला. वरच्या ओठाला तीन टाके पडले. मास्क नवा कोरा, त्यावर साधा ओरखडाही नाही.

चूक तिची नव्हती. तेल लावलेल्या केसांवरून मागचा पट्टा घसरत होता, मास्क सारखा नाकावर येत होता आणि ती तो सारखा वर ढकलत होती. सरावात हे माझ्या डोळ्यांसमोर चाललं होतं. मी फक्त ‘मास्क आहे ना’ एवढंच बघत होते.

मास्क आणला म्हणजे झालं, असं पालकांना आणि शाळांना वाटतं. पिशवीतून काढून तो थेट सामन्यात चढवला जातो आणि तिसऱ्या ओव्हरथ्रोनंतर मुलगी तो डगआउटमध्ये, म्हणजे संघाच्या बसायच्या जागेत, फेकते. यात बहुतेक चुका क्रमाच्या असतात. म्हणून खाली क्रमाने लिहिलंय.

## टप्पा १: कोण कुठे खेळते ते आधी लिहून काढा

खरेदीच्या आधी संघाची यादी घ्या आणि प्रत्येक नावापुढे जागा लिहा. ‘फेसमास्क’ या एका शब्दात तीन वेगळ्या वस्तू येतात आणि एकीचं काम दुसरी करत नाही.

फील्डिंगचा मास्क. हलका, चेहऱ्यापुरता, मागे पट्टे. पिचर (चेंडू टाकणारी), फर्स्ट बेस आणि थर्ड बेस यांना सगळ्यात आधी द्या, मग सेकंड बेस आणि शॉर्टस्टॉप. आउटफिल्डला शेवटी. हा मास्क नाक, दात, गाल आणि डोळ्याची खोबण वाचवतो. कवटी, कानशील आणि डोक्याचा मागचा भाग उघडाच राहतो. ‘मास्क आहे, आता डोक्याची काळजी नाही’ असं कुणी म्हणालं तर तिथल्या तिथे दुरुस्त करा.

बॅटिंग हेल्मेटची जाळी. ही हेल्मेटला स्क्रूने बसते. अमेरिकेतल्या हायस्कूल सॉफ्टबॉलमध्ये बॅटिंग हेल्मेटला जाळी २००६ पासून सक्तीची आहे. फील्डिंगचा मास्क मात्र तिथेही बहुतेक ठिकाणी ऐच्छिक आहे. आपल्याकडे शाळेच्या किटमध्ये बिनजाळीची हेल्मेटं सर्रास दिसतात.

कॅचरचा, म्हणजे बॅटरच्या मागे बसून चेंडू घेणारीचा मास्क. यात डोकं झाकलं गेलं पाहिजे आणि गळ्यापुढे संरक्षक पट्टी हवी. फाउल टिप होऊन, म्हणजे बॅटची कड लागून, चेंडू कुठूनही येतो, शिवाय बॅटचा मागचा झोका डोक्यापर्यंत पोचतो. कॅचरला फील्डिंगचा मास्क देऊन भागवू नका.

पिचरचा नंबर पहिला का? साधं गणित करा. मुलींच्या फास्टपिचमध्ये पिचिंगचं अंतर ४३ फूट, म्हणजे साधारण १३.१ मीटर. विंडमिल (हात पूर्ण गोल फिरवून खालून टाकलेला चेंडू) टाकून पाय पुढे पडेपर्यंत पिचर जवळजवळ दोन मीटर पुढे आलेली असते. उरले ११ मीटर. ताशी १०० किलोमीटरने परतलेला चेंडू हे अंतर ०.४ सेकंदात कापतो, आणि त्या वेळी तिचा ग्लोव्ह मांडीजवळ असतो. नावात ‘सॉफ्ट’ असलं तरी १२ इंच घेराचा चेंडू १७८ ते १९८ ग्रॅमचा असतो, क्रिकेटच्या चेंडूपेक्षा जड.

> इशारा: क्रिकेटचं हेल्मेट घालून फील्डिंग करायला लावू नका. ‘घरात आहेच’ म्हणून पालक आणतात. उंच फ्लाय (हवेत उडालेला चेंडू) बघायला मान वर केली की त्याचा पुढचा छज्जा मधे येतो, आणि ते जड असल्यामुळे धावताना डोळ्यांवर उतरतं.

## टप्पा २: माप, आणि ते खेळायच्या केशरचनेत

शिवणकामाची टेप घ्या. भुवयांच्या वर दोन बोटं, कानांच्या वरून, मागच्या उंचवट्यावरून फिरवून पुन्हा पुढे आणा. तीनदा मोजा, सगळ्यात मोठा आकडा धरा. हे झालं हेल्मेटचं माप. फील्डिंगच्या मास्कसाठी आणखी एक लागतं: भुवयांच्या मध्यापासून हनुवटीच्या टोकापर्यंतचं अंतर. हे कुणीच घेत नाही. त्यामुळे लांबट चेहऱ्याच्या बारा वर्षांच्या मुलीला ‘युथ’ मास्क येतो आणि तिची हनुवटी मास्कच्या खालच्या कपाच्या बाहेर लोंबते.

वयावरून साईज ठरवू नका. प्रत्येक कंपनीचा तक्ता वेगळा असतो, तिच्याच तक्त्याशी माप ताडून बघा.

आता केस. शाळेत दोन वेण्या वर बांधलेल्या, सामन्याला एक पोनीटेल, शिबिरात अंबाडा. मास्कचा मागचा पट्टा डोक्याच्या उंचवट्याच्या खाली बसावा लागतो आणि नेमकी तिथेच गाठ असली तर तो वर सरकतो. मुलीला सांगा, सामन्यात बांधणार तशाच केसांनी माप द्यायला ये. सगळ्यात सोयीची म्हणजे मानेजवळून खाली सोडलेली एक वेणी. मास्कला पोनीटेलसाठी मागे मोकळी जागा असेल तर केस त्यातून काढता येतात, पण गाठ पट्ट्याच्या वर की खाली हे एकदा ठरवा आणि हंगामभर तेच ठेवा.

तेलाबद्दल स्पष्टच सांगते. सामन्याच्या आदल्या रात्री डोक्याला खोबरेल चोपडू नका. पट्टे घसरतात आणि आतला फोम चिकट होतो. आज्यांशी यावरून माझे वाद झालेत, तरी मी मागे हटत नाही.

तपासा: चमकी, कानातले, टोकदार क्लिपा आणि टिकटॉक पिना काढल्यात? मास्कवर चेंडू बसला की हे सगळं आत रुततं.

## टप्पा ३: खरेदी

फील्डिंगचे मास्क दोन प्रकारात मिळतात. पोलादी तारेच्या मास्कमधून नजर मोकळी राहते आणि तार वाकली तर दिसते, पण पावसाळ्यात ती गंजते. पॉलिकार्बोनेटचा मास्क हलका असतो, मात्र त्यातली तडा गेलेली जागा सहज दिसत नाही. थिनर, स्प्रे पेंट, नेलपॉलिश रिमूव्हर याने त्याची ताकद जाते. मी शाळेसाठी तारेचा घेते. पन्नास हातांतून जाणाऱ्या वस्तूत काय बिघडलंय ते डोळ्यांनी दिसलं पाहिजे.

वस्तू हातात घेऊन बघायच्या गोष्टी:

१. बॅटिंग हेल्मेट आणि कॅचरच्या हेल्मेटवर एन-ओ-सी-एस-ए-ई (क्रीडासाहित्याच्या सुरक्षिततेची मानकं ठरवणारी अमेरिकन संस्था) या इंग्रजी अक्षरांचा शिक्का आहे का. तो हेल्मेटच्या अंगावर छापलेला असावा, नुसत्या खोक्यावर नव्हे.

२. जाळी त्याच कंपनीने त्याच हेल्मेटसाठी केलेली आहे का. दुसऱ्याची जाळी ड्रिलने भोकं पाडून बसवणारे हुशार लोक आहेत. भोक पाडलं की ते हेल्मेट बाद धरा.

३. तारांच्या जोडांवर अंगठा फिरवा. खडबडीत किंवा सुटलेला जोड लगेच लागतो.

४. चेंडू बरोबर न्या. मास्क घातलेल्या मुलीच्या डोळ्यांसमोर, मग तोंडासमोर चेंडू हलकेच जाळीला टेकवून दाबा. तो चामडीला कुठेही लागता कामा नये.

५. चष्मा असेल तर चष्म्यासह घालून बघा. फ्रेम तारेला टेकत असेल तर तो मास्क तिच्यासाठी नाही. भिंगं पॉलिकार्बोनेटची करून घ्या. काचेची भिंगं घालून मैदानात उतरू देऊ नका.

जुना मास्क घ्यायचा तर ज्याचा इतिहास माहीत आहे तोच. ‘एकदाच वापरलाय’ म्हणून विकायला आलेलं हेल्मेट त्या एकदाच्या वेळी काय सोसून आलंय ते कळत नाही.

> इशारा: एक मास्क तीन पिचर वाटून घेतात. दर इनिंगला पट्टे ओढायचे-सोडायचे, आणि शेवटी तो तिघींनाही सैल बसतो. पैसे कमी असतील तर सहाऐवजी तीनच मास्क घ्या, पण ते तीन ठरलेल्या मुलींच्या नावाचे असू द्या.

## टप्पा ४: बसवणं

सगळ्यात जास्त गडबड इथे होते, आणि ती एकाच कारणाने: मास्क तोंडावर लोंबत असताना मागून एकेक पट्टा करकचून ओढला जातो. मास्क तिरका होतो, मग तो सरळ करायला दुसरी बाजू ओढायची. असं करता करता मुलीचे गाल लाल.

क्रम असा ठेवा.

१. सगळे पट्टे पूर्ण सैल करा.

२. आधी हनुवटी कपात बसवा. मुलीला स्वतःच्या हाताने मास्क धरायला सांगा.

३. मग कपाळाची गादी टेकवा. ती भुवयांच्या लगेच वर यावी. केसांवर चढली तर मास्क मोठा आहे.

४. मागचे दोन्ही पट्टे एकाच वेळी, दोन्ही हातांनी सारखे ओढा. पट्टी उंचवट्याच्या खाली.

५. डोक्यावरून जाणारा पट्टा असेल तर तो शेवटी. त्याचं काम मास्क खाली न घसरू देणं एवढंच. तोच आधी आवळला की मास्क वर खेचला जातो आणि हनुवटी उघडी पडते.

६. उरलेली पट्ट्याची टोकं आत खोचा. लोंबणारं टोक डोळ्यासमोर फडफडलं की मुलगी चेंडूऐवजी त्याकडे बघते.

आता चार चाचण्या, प्रत्येकीवर.

मान हलवणं. जोरात ‘हो’, जोरात ‘नाही’. मास्क डोक्याबरोबर फिरला पाहिजे, मागून येता कामा नये.

तळहाताचा दाब. समोरून तळहात लावून घट्ट दाबा. दाब कपाळाला आणि हनुवटीला लागला पाहिजे. ‘नाकाला लागतंय’ असं ती म्हणाली तर मास्क चुकीचा किंवा फार सैल. ही एक चाचणी बाकी सगळ्यांपेक्षा मोलाची आहे. नाकाला टेकलेली तार म्हणजे चेंडूचा मार थेट नाकाच्या हाडावर.

खालून धक्का. हनुवटीच्या कपाला खालून वर ढकला. तो डोळ्यांवर चढत असेल तर मागची पट्टी वर बसली आहे.

हाक. तिला पूर्ण ताकदीनिशी ‘माझा!’ ओरडायला लावा. जबडा उघडल्यावर कप निसटतो का? हाक अर्धवट येते का? इन्फिल्ड फ्लायखाली (बेसजवळ उंच उडालेल्या चेंडूखाली) दोघी एकमेकींवर आदळतात त्यात हाक न ऐकू आल्याचा वाटा मोठा असतो.

बॅटिंग हेल्मेटचं वेगळं बघा. जाळीचं वजन पुढे असल्यामुळे हेल्मेट पुढे कलतं. मुलीला कमरेतून वाकवा आणि फर्स्ट बेसपर्यंत पळवा. हेल्मेट भुवयांवर आलं तर आतली गादी बदला किंवा साईज एक खाली घ्या. हेल्मेटखाली टोपी किंवा रुमाल घालून जागा भरू नका.

दातांना तारा लावलेल्या मुलींनी मास्क असला तरी माउथगार्ड घालावं. हनुवटीवर मार बसला की जबडे एकमेकांवर आपटतात, तिथे जाळी काही करत नाही. तारा असतील तर ते दाताच्या डॉक्टरांकडूनच करून घ्या.

## टप्पा ५: दोन आठवडे सवय

नवा मास्क सामन्यात पहिल्यांदा घालायचा नाही. हा नियम मी कुणासाठीच मोडत नाही.

पहिल्या दिवशी एक मुलगी हमखास म्हणते, ‘मॅडम, खाली बघितलं की दांडी मधे येते.’ खरंच येते. मास्कशिवाय आपण ग्राउंडर (जमिनीवरून येणारा चेंडू) नुसत्या डोळ्यांनी बघतो. मास्क घातल्यावर हनुवटी छातीकडे न्यावी लागते. ही वाईट सवय नाही, उलट ग्राउंडर घेताना डोकं खाली ठेवा असं आपण वर्षभर ओरडत असतो तेच आहे. पण शरीराला ते शिकायला वेळ द्या.

दिवस १ आणि २. मास्क घालून धावणं, वॉर्मअप, मग टेनिस बॉलने झेल, दहा-पंधरा मिनिटं. समोर उभं राहून बोटं दाखवा: पायाजवळ, दोन्ही बाजूंना, डोक्यावर. ‘किती?’ विचारा. कुठे चुकते ते लिहून ठेवा.

दिवस ३ ते ६. हाताने गडगडत सोडलेले ग्राउंडर, मग हळू मारलेले. फ्लाय उन्हाच्या दिशेने आणि विरुद्ध दिशेने, दोन्ही. पिचरने अर्ध्या वेगाने विंडमिल टाकावा. हात वर जाताना ग्लोव्ह किंवा खांदा मास्कला घासतो का, ते बाजूने उभं राहून बघा.

दुसरा आठवडा. पूर्ण वेग. बंट आणि खोट्या बंटचा सराव थर्ड बेस, फर्स्ट बेस आणि पिचर तिघींना मास्कसह. शेवटी बॅटर उभी करून खराखुरा डाव.

दोन आठवड्यांनीही ती ‘दिसत नाही’ म्हणत असेल तर हट्ट करू नका. दुसऱ्या रचनेचा मास्क घालून बघा. एकाच्या आडव्या दांड्या नजरेत येतात, दुसऱ्याच्या येत नाहीत.

> इशारा: सरावातल्या अपघातांना मैदानाची हद्द नसते. राखीव मुलगी कडेला उकिडवी बसून पिचरला वॉर्मअप देते आणि तिला मास्क नसतो, कारण तो कॅचरच्या डोक्यावर आहे. जवळून टॉस देणारी मुलगी बॅटच्या समोर बसते. पिच घेणाऱ्या प्रत्येकीला मास्क, आणि समोरून टॉस देताना पुढे जाळीचा स्क्रीन. स्क्रीन नसेल तर टॉस बाजूने द्या.

## टप्पा ६: सामन्याच्या दिवशी

मॅनेजर मीटिंगमध्येच विचारा: फील्डिंगचा मास्क, चष्मा, पारदर्शक शिल्ड याबद्दल या स्पर्धेत काय नियम आहे. रंगीत किंवा काळी शिल्ड घेऊन जाऊ नका. पंचांनी काढायला लावली तर मुलगी ऐनवेळी उघड्या चेहऱ्याने उभी राहते. मैदानावर पोचल्यावर स्क्रू आवळा, पट्टे ओढून बघा, तळहाताची चाचणी परत करा.

मुलींना दोन गोष्टी तोंडपाठ करायला लावते. मास्क फक्त ‘टाइम’ मागितल्यावर किंवा डगआउटमध्ये वर करायचा. आणि घाम पुसायचा असेल तर मनगटपट्टी जाळीच्या खालून आत घालायची. ओठाचे टाके आठवतात ना, त्यानंतर हा नियम आला.

कॅचरचं उलट आहे. जुन्या पद्धतीचा वेगळा मास्क असेल तर पॉपअपला (जवळच सरळ वर उडालेल्या चेंडूला) तो काढावा लागतो. आधी चेंडू शोधायचा, मग मास्क लांब, चेंडूच्या विरुद्ध बाजूला फेकायचा. आधी फेकला तर ती स्वतःच त्यावर अडखळते. हॉकीसारखं एकसंध हेल्मेट असेल तर बहुतेक वेळा घालूनच झेल घेता येतो.

## टप्पा ७: मास्कवर चेंडू बसला तर

खेळ थांबवा, मग ती ‘काही नाही झालं’ म्हणाली तरी. मान दुखतेय, हातापायाला मुंग्या येतात किंवा शुद्ध गेली असेल तर हलवू नका, हेल्मेट ओढून काढू नका, रुग्णवाहिका बोलवा.

डोकं जड, मळमळ, गोंधळलेलं बोलणं, स्कोअर न आठवणं: त्या दिवशी ती परत उतरणार नाही. बाबा मैदानाबाहेरून ‘जाऊ दे तिला’ म्हणाले तरी नाही. चेहऱ्याचा मास्क मेंदूला बसणारा हादरा थांबवत नाही. एकाचे दोन दिसत असतील किंवा डोळ्याभोवती सूज येत असेल तर थेट रुग्णालय.

नाकातून रक्त आलं तर डोकं मागे नाही, पुढे झुकवा आणि नाकाचा मऊ भाग दहा मिनिटं चिमटीत धरा. पक्का दात निघून पडला तर पांढऱ्या भागाला धरून उचला, मूळ घासू नका, दुधात टाका आणि अर्ध्या तासाच्या आत दाताच्या डॉक्टरकडे पोचायला बघा. मैदानाजवळच्या टपरीवर दूध मिळतंच. दुधाचा दात असेल तर परत बसवायचा प्रयत्न करू नका.

मुलगी ठीक असल्याची खात्री झाल्यावर मास्क बघा. तार वाकली, जोड सुटला, प्लास्टिकमध्ये पांढरी रेघ दिसली तर तो तिथेच बाद. हातोडीने सरळ केलेली तार पुढच्या माराला त्याच जागी वाकते. बाद मास्क किटबॅगेत परत टाकू नका, पट्टे कापून टाका. नाहीतर पुढच्या वर्षी कुणीतरी तो काढून वापरतो.

## टप्पा ८: धुणं आणि ठेवणं

फोम सुटा होत असेल तर काढून साध्या साबणाच्या कोमट पाण्याने धुवा आणि सावलीत वाळवा. मे महिन्याच्या शिबिरात हे रोज करा, नाहीतर कपाळावर घामोळं उठतं आणि मुलगी मास्क टाळायला नवं कारण शोधते. गाडीच्या डिकीत उन्हात ठेवू नका. जून ते सप्टेंबर किटबॅगेत बंद ठेवलेल्या मास्कला बुरशी येते, तारेवर लाल गंज चढतो. क्रीडासाहित्याच्या खोलीत खिळ्याला उघडे टांगा.

मास्कच्या आतल्या पट्ट्यावर मार्करने मुलीचं नाव, घेतल्याची तारीख आणि मागच्या पट्ट्याची कितवी खाच लावायची ते लिहा. दर तीन महिन्यांनी तळहाताची चाचणी परत करा. या वयात चेहरा वाढतो आणि जूनमध्ये नीट बसलेला मास्क डिसेंबरच्या स्पर्धेत नाकाला टेकलेला असतो.